उजेडाच्या आधी

"आता कळ आली की दम धर आनि जोर लाव," द्वारकाबाई म्हणाली. "आरडू नगंस. आरडन्यात ताकद जाती."

जयवंतानं पदराचा बोळा दातांत धरला. माघ महिना होता, दुपार कलली होती, तरी धनगरांच्या त्या पालात उकडत होतं. जयवंताची सासू बानूबाई सकाळीच कळंबला जाऊन सुईण द्वारकाबाईला घेऊन आली होती. दोघी दोन कोस काटेरी रानातून चालल्या होत्या. बाभळी-हिवरांच्या त्या सरकारी रानात लांडग्यांशिवाय वस्ती नव्हती. मेंढरं चारायला धनगरांचे तळ पडत, तेवढीच माणसं. द्वारकाबाईला कोणीही, कुठूनही बोलावलं तर नाही म्हणता येत नसे. स्वतःची चार मुलं तिनं पुरली होती. पाचवा सावळाराम तेवढा जगला. तो साखर कारखान्यात कामाला जात असे.

"बानूबाई, ऊन पानी घिऊन ये," ती म्हणाली. बानूबाई बाहेर चुलीकडे गेली.

तेवढ्यात उजेड पडला.

पालाच्या जाड कापडातून भर दुपारचं ऊन आत येत नव्हतं. त्या कापडातून आता आरपार दिसू लागलं. जयवंताचा चेहरा, पितळी, द्वारकाबाईचे स्वतःचे हात, सगळं पांढरंफटक झालं. त्या उजेडातच पोर तिच्या हातांत आली. मुलगी होती.

उजेड विझला. पोर रडेना. द्वारकाबाईनं तिला उलटी धरली, तळपायांवर चापट्या मारल्या. बाहेर एकही पाखरू बोलत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग पोरीनं टाहो फोडला, आणि त्या टाहोवरच आभाळ फुटलं.

खालची भुई हादरली. पालाची मेढ कलली. दगडांवरून गाड्या पळाव्यात तसा आवाज रानावरून लांब लांब जात राहिला. जयवंताची शुद्ध हरपली होती. नाळ कापताना द्वारकाबाईचा हात हलला नाही.

ती बाहेर आली तेव्हा बानूबाई चुलीपाशी बसून होती. पाण्याचं भांडं उपडं पडलं होतं. ती वर बघत होती. रानाच्या मध्यावर, निरभ्र आभाळात, धुराचा एक वाकडा पट्टा लोंबत होता.

"काय हुतं गं ते?" तिनं विचारलं.

"काय की. नात झाली तुला."

बानूबाईचे डोळे धुराकडेच होते. तिचा मुलगा बिरदेव, जयवंताचा नवरा, मेंढरं घेऊन त्याच बाजूला गेला होता.

घटकाभरानं मेंढरं परतली. धापा टाकत, फुटलेल्या गुडघ्यांनी, एकमेकांवर चढत. बिरदेव मागं नव्हता. दिवस मावळायच्या आत गड्यांनी त्याला आणलं. आवाजानं बुजलेला कळप ओढ्याच्या कड्याकडे धावला, त्याला आडवा व्हायला तो पुढं झाला, आणि कळपानंच त्याला खाली ढकललं. डोकं खडकावर आपटून तो जागीच गेला होता.

त्याचा बाप तात्याबा तळाचा म्होरक्या होता. तो मुलापाशी बराच वेळ बसला. मग उठून पालाच्या तोंडाशी आला.

"पोर कवा झाली?"

आत जयवंतानं मुलीला छातीशी ओढलं.

"कवा म्हंजी?" द्वारकाबाईनं विचारलं.

"आभाळ फुटायच्या वक्ताला झाली असंल, तर त्येच्यासंगं आली ती. बापाला खाऊन आली. तळावर ठेवायची न्हाय. रानातनं आली, रानात ठिवून या."

"तात्याबा, कोल्ही-लांडगी हायती रानात."

"मला ठावं हाय काय हाय ते." म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "माजी दीडशे मेंढरं हायती, तळाची सात पोरं हायती. अजून कुनाला जाऊ देऊ? सांग, कवा झाली?"

सगळा तळ बघत होता. बानूबाई मुलाच्या पायाशी बसली होती, तिनंही मान वर केली.

"आधी झाली," द्वारकाबाई म्हणाली. "उजेड पडायच्या आधी. चांगली रडली, मी पुसून घेतली, मग उजेड पडला."

"आन घे."

"घेते की."

"तशी न्हवं. एकुलता लेक हाय न्हवं तुला? त्येची घे."

 आत पोर चुरूचुरू दूध ओढत होती, ते द्वारकाबाईला ऐकू येत होतं.

"माज्या सावळारामाची आन," ती म्हणाली. "आधी झाली."

तात्याबानं तिच्याकडं बघितलं, आणि तो वळून मुलाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी ती घरी पोचली तेव्हा सावळाराम कामावर गेला होता. दिवसभर तिनं चूल पेटवली नाही. संध्याकाळी तो आला, तेव्हा ती उंबऱ्यात उभी होती. तिनं त्याचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले.

"काय झालं गं, आये?"

"काय न्हाय. उद्या जाऊ नगंस."

तो हसला. सकाळी गेलाच. त्या दिवशीही तो नीट घरी आला. पण रस्त्यानं कोणी घाईनं चालताना दिसलं की ती दारात येऊन उभी राहत असे.

बिरदेवाचा तिसऱ्या दिवसाचा विधी उरकून धनगरांनी तळ हलवला. मेंढरं कळंबवरून निघाली. पुढं तात्याबा होता, त्यानं मान वळवली नाही. घोड्याशेजारून जयवंता चालत होती. सगळ्यांच्या मागं राहिलेली बानूबाई द्वारकाबाईच्या दाराशी थांबली. पोर तिच्याजवळ होती.

"लेक बरा हाय न्हवं तुजा?"

"बरा हाय. कामावर गेलाय."

बानूबाईनं पोरीच्या डोक्यावरचं फडकं सारखं केलं.

"मी चुलीपाशीच हुते," ती म्हणाली. "उजेडाच्या आधी रडली असती, तर मला ऐकू आलं असतं."

द्वारकाबाईनं पोरीकडं पाहिलं.

"लेकाला जप," बानूबाई म्हणाली.

मेंढरं बरीच पुढं गेली होती. त्यांच्यामागं चालणारा बिरदेव आता नव्हता. बानूबाईनं नातीला खांद्यावर टाकलं, मोकळ्या हातात काठी घेतली, आणि तोंडानं हाकारे देत ती धुळीत चालू लागली.