चिंचेखालचं जाळं

जाळं बांबूंच्या टोकापर्यंत पोचलंही नव्हतं, तोच राजमतीकाकू परसात आल्या.

"उतरव ते. माझ्या दारात जीव धरायचा न्हाय."

"सोडणारच आहे, काकू," आदिती म्हणाली. "वाघळाच्या गळ्यात माग सांगणारा पट्टा बांधायचा की लगेच सोडायचं. वनखात्याची परवानगी आहे."

"खात्याची असंल. माझी कुठं हाय?"

"कुत्र्यागत पट्टा?" दोरी धरलेला वृषभ, काकूंचा मुलगा, हसला. "मग नावंबी ठेव की!"

काकूंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो दोरीची गाठ तपासू लागला.

परसातली चिंच शिरोळच्या रस्त्याला लागून होती आणि रस्ता रुंद व्हायचा होता. झाड गेलं तर वाघळं दुसरीकडे बसतील, असं रस्त्याच्या बैठकीत सगळेच म्हणत होते. आदितीने संगणकातल्या नकाशावरून चिंच पुसून पाहिली होती. कळप टिकेल की विखुरेल, हे तिच्या मॉडेलला सांगता येईना. वाघळं रात्री कुठे चरतात, हेच त्याला माहीत नव्हतं. पुढच्या बैठकीआधी निदान पाच वाघळांच्या वाटा हाती आल्या नाहीत, तर चिंचेच्या बाजूने बोलायला तिच्याकडे काही उरणार नव्हतं.

तिने हे सगळं काकूंना सांगितलं. काकूंनी चिंचेच्या शेंड्याकडे पाहिलं.

"तुझ्या काकानं हिची फांदीसुदिक छाटू दिली न्हाय," म्हणाल्या आणि आत वळल्या. उंबऱ्यावरून आवाज आला, "लाव."

आदितीच्या लहानपणच्या सुट्ट्या याच परसात गेल्या होत्या. या जैन घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नसे. तवनाप्पाकाका कट्ट्यावर बसून झाडावर नजर ठेवत आणि ओरडत, "आटपा रं, वाघळं हलाय लागली!" मग ताटावर पोरांची झुंबड. आदिती रेंगाळणारी, पण काकूंनी तिला कधी उपाशी झोपू दिलं नव्हतं. शेवटचा घास त्याच कोंबत.

अंधारताना एक वाघूळ जाळ्यात आलं. गाठीशी झटापट करत वृषभने जाळं खाली घेतलं. आदितीने हातमोज्यातून तांबूस मान धरली, पट्टा बसवला आणि हात उंच केले. वाघूळ उसावरून नदीकडे गेलं.

हात धुऊन ती स्वयंपाकघरात आली. काकूंचं ताट पालथंच होतं.

"जेवला नाहीत?"

"नेम केलाय तिनं," वृषभ म्हणाला. "जाळं लागंल त्या दिवशी सांजचं जेवण बंद. पाणीबी न्हाय."

"मग उद्या तुम्ही जेवल्यावर लावते."

"व्हय, पोटभर जेवून मग जीव धरायचा," काकू म्हणाल्या. "अजून किती ऱ्हायली?"

आदिती घुटमळली. "दोन मिळाली तरी भागेल."

"मघाशी पाच म्हणालीस."

आदितीने पालथं ताट उचलून फळीवर ठेवलं.

"मग चार ऱ्हायली."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना जाळं वर चढलं. काकू पदर खोचून आल्या आणि वृषभच्या हातातली दोरी त्यांनी काढून घेतली.

"आई, तू?"

"तुला खाली घ्यायला लई वेळ लागतो. काल ते कवापास्नं वरडत हुतं."

दोरीचा एक वेढा त्यांनी तळहाताला घेतला आणि जाळ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.