तीन कडव्यांची हवा

कांग गावात मोगोमोत्सी मामांच्या पिकअपचा थाट निराळाच होता. चारही टायरांत पंचेचाळीस पौंड हवा. टायरवर नखाने टिचकी मारली की घंटेसारखा आवाज यायचा, आणि तो ऐकून माणसं दोनदा चर्चमध्ये जमली होती, असं मामाच सांगत. तीस वर्षं डांबरी रस्त्यावर बस चालवलेला माणूस. हवा आणि अब्रू या दोन गोष्टी कमी होऊ द्यायच्या नाहीत, एवढंच त्यांचं शास्त्र.

या शास्त्रापायी भाच्याचं लग्न अडलं होतं.

भाचा ओतेंग. त्याने पसंत केलेली मुलगी डांबर संपल्यावर चाळीस किलोमीटर आत, कालाहारीच्या वाळूत राहणारी. मुलगी मागायला जायचं ते मुलाच्या मामाने, आणि सूर्य उगवायच्या आत तिच्या फाटकात उभं राहायचं, ही रीत. महिन्यापूर्वी मामा गेले तेव्हा गाडी सहा वेळा रुतली. इंजिनाने असा टाहो फोडला की तिकडचे शहामृग जे नामिबियात पळाले ते अजून परतलेले नाहीत. मामा पोचले तोवर सूर्य दोन हात वर. मुलीचे मामा सेबिना फाटकाआडूनच म्हणाले, "पुढच्या महिन्यात या. तेव्हाही उन्हं घेऊन आलात, तर मग येऊ नका."

म्हणून या खेपेला ओतेंगची आत्या माटेबोगो स्वतः हौद्यात चढून बसली. सोबत तिच्या दोन जावा आणि दित्शेको काका. बायकांच्या खांद्यांवर चौकड्यांच्या जाड शाली, मामांच्या आणि काकांच्या अंगावर कोट. कोटाशिवाय पुरुषाने अशा बैठकीत तोंडच उघडायचं नसतं.

डांबर संपलं तिथे आत्याने छतावर थाप मारली. "थांबवा, अहो मामा!"

"काय झालं?"

"हवा सोडा."

मामांना वाटलं, ही बाई आपल्याला धोतरच सोडायला सांगते आहे की काय. धोतर ते नेसत नव्हते, तरी तसं वाटलं खरं. "आत्याबाई, सोयऱ्यांच्या दारी जायचंय. बसकी चाकं घेऊन जाऊ? म्हणतील, या लोकांना टायरात घालायला वारासुद्धा परवडत नाही, आमच्या मुलीला काय घालणार!"

"आणि मागच्या वेळी काय म्हणाले? या, बसा, चहा घ्या?"

आत्या खाली उतरली. ती उतरल्याबरोबर गाडी वीतभर उंच झाली. "माझा जन्म वाळूतला. उंट बघितलाय का कधी? पाय टेकला की पसरतो. शेळीचा खूर बघा, टोकदार, रुततो. तुम्ही चार शेळ्या लावल्यात गाडीला."

"किती सोडायची मग? माझं मीटर घरी राहिलं."

"मीटर कशाला? काड्या काढा."

आत्याने चार काड्या वाटल्या. एकेका चाकाशी एकेक जण बसला, टोपण काढलं आणि काडीने व्हॉल्व्ह दाबून धरला. फूस्स! आत्याने चर्चमधलं गाणं उचललं. "तीन कडवी. सगळ्यांनी बरोबर. तिसरं संपलं की काडी काढायची. म्हणजे चारही चाकं सारखी. माझा बाप असंच करायचा."

चार चाकांशी चार जण गाऊ लागले. पहाटेच्या गारठ्यात गाणं आणि फुसफुस एकमेकांत मिसळली. मामा टॉर्च धरून उभे होते, आणि आपली तीस वर्षांची अब्रू चार भोकांतून जाताना ऐकत होते.

तिसरं कडवं संपलं. तिघींनी काड्या काढल्या. दित्शेको काका मात्र डोळे मिटून अजून दुसऱ्याच कडव्यात होते. काका चर्चमध्ये खर्जात गायचे, आणि त्यांच्या 'आमेन'पर्यंत लोक घरी जाऊन जेवून यायचे.

"अहो काका! सोडा!"

"मध्येच कसं सोडू? देवाचं गाणं आहे."

कडवं पुरं करूनच ते उठले. तोवर डाव्या बाजूचं मागचं चाक पाघळलेल्या मेणबत्तीसारखं दिसायला लागलं होतं. गाडी कलली. मग आत्या आणि जावा उजवीकडे बसल्या, काकांना शिक्षा म्हणून डावीकडे एकटं बसवलं, आणि गाडी जेमतेम सरळ झाली.

मामांनी देवाचं नाव घेऊन वाळूत गाडी घातली. रुतेल म्हणून दात आवळले. गाडी रुतली नाही. पहिली टेकडी आली, मामांनी डोळे मिटले, उघडले तेव्हा टेकडी मागे गेली होती. इंजिन ओरडत नव्हतं, नुसतं गुणगुणत होतं. मांजर दुधाकडे जातं तशी गाडी चालली होती. एक कोल्हा वाटेतच झोपला होता, त्याला वळसा घालून गेले तरी त्याने कूस बदलली नाही.

शेवटच्या बाभळीपाशी मामांनी अचानक ब्रेक दाबला. इथून सेबिनांचं घर दिसत होतं. मामांनी सीटखालून पंप ओढला.

"आता काय?" आत्या ओरडली.

"दहा मिनिटं. निदान पुढची दोन चाकं तरी फुगवतो. निदान तोंडापुरती!"

"पूर्वेकडे बघा."

मामांनी पाहिलं. आभाळाची कड पिकल्या मोरुलाच्या फळासारखी पिवळी झाली होती. पंपाची नळी त्यांच्या हातात होती. एकीकडे ओतेंग, एकीकडे अब्रू. त्यांनी चाकांकडे बघितलं. खरंच बसकी दिसत होती, घरात घालायच्या चपलांसारखी. मामांनी पंप उचलून सीटवर टाकला आणि गाडी तशीच पुढे काढली.

फाटकात पोचले तेव्हा सूर्य यायला अजून बोटभर अवकाश होता. पण फाटकाशी कुणीच नव्हतं. अंगणात शेकोटी नाही, चटई नाही. घरातून चारपाच सुरांत घोरणं मात्र येत होतं.

आत्याने घसा खाकरला. आत धावपळ उडाली. भांडं पडलं. कुणीतरी ओरडलं, "आले! अगं, आले!" आणि सेबिना बाहेर आले. एका पायात बूट, दुसरा पाय उघडा, अंगात नुसती बनियन.

"कसे... कसे आलात तुम्ही?" ते म्हणाले. "आम्ही म्हटलं, बाभळीपलीकडे इंजिन ओरडायला लागलं की उठू. तुमची गाडी रुतायची, मग आम्ही तोंड धुवायचं, चहा घ्यायचा... आवाजच नाही आला!"

"हवा कमी केली," मामा म्हणाले. पहिल्यांदाच हे शब्द त्यांच्या तोंडून निघत होते, आणि जिभेला ते वाटले होते तितके कडू लागले नाहीत. "घ्या, कोट घाला. आम्ही थांबतो. सूर्यालाही सांगतो, जरा थांब म्हणून."

सेबिना पळत आत गेले. कोट घालून आले, तो त्यांच्या बायकोचा निघाला. पुन्हा आत गेले. जावा शालीत तोंड घालून हसत होत्या. आत्या मात्र अगदी गंभीर चेहऱ्याने जमिनीवर पाय पसरून बसली होती. शेजारी काकांनी डोळे मिटून खर्जात तिसरं कडवं धरलं होतं.

अखेर सेबिना समोर बसले. उन्हाची पहिली रेघ कुंपणावर चढली. "बोला," ते म्हणाले. "कशासाठी आलात?"

मोगोमोत्सी मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मुलगी मागताना मुलीचं नाव घ्यायचं नसतं, पाण्याचा भोपळा मागायचा, हीही रीतच. "पाण्यासाठी एक भोपळा मागायला आलोय."

सेबिना मागे वळून घराकडे ओरडले, "अरे, चहा टाका! मोठं भांडं घ्या. माणसं पाच आहेत, आणि त्यातलं एक अजून गातंय!"