फोरमनचे कान

वीजकेंद्रातल्या फोरमनचे कान दगा देऊ लागले होते, पण त्याने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. एके सकाळी तिथेच इंजिनिअर असलेली त्याची सून म्हणाली, “बाबा, पंपाचं बेअरिंग जाणार, असं एआय म्हणतंय. कंपनं वाढलीत. पण पुरती खात्री नाही, माणसाने तपासावं, असंही सांगतंय.”

फोरमनने पंपाला सळई टेकवून तिच्या दुसऱ्या टोकाला कान लावला. सगळं सामसूम. खोटं बोलायला जीभ रेटेना.

“मला ऐकूच येत नाही गं, पोरी.”

तिने हळूच त्याचा तळवा पंपावर ठेवला. नेहमीची लय अडखळत होती. “बंद करा!” तो ओरडला.

पंप उघडून पाहिला, तर बेअरिंगला खरंच तडा गेला होता.

“खात्री नाही म्हणायला एआय लाजलं नाही,” घरी जाताना सून म्हणाली, “मग तुम्ही कशाला लाजता? उद्या डॉक्टरकडे जाऊ.”

“काय म्हणालीस?” त्याने विचारलं, आणि दोघंही हसत सुटली.