दाराला लावलेली वीट

शिवणकामाच्या दुकानावरच्या खोलीत शाळा सुटलेल्या बायकांचा अभ्यासवर्ग भरायचा, तेव्हा दाराला वीट लावलेली असायची. वर्ग घेणाऱ्या ताईंचा एकच नियम होता: दार बंद करायचं नाही. तरुणपणी एका बंद खोलीत त्यांच्यावर बलात्कार झाला होता. हे त्यांनी कोर्टात सांगितलं होतं, बायकांच्या हक्कांच्या सभांतूनही त्या सांगत. त्यामुळे विटेचं कारण कुणी विचारत नसे. थंडीतला वारा बायका निमूट सोसत.

परीक्षा तोंडावर आली आणि धाकटी यायची थांबली. वयाने सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. गणितात मात्र सगळ्यांच्या पुढे. ताई तिला भेटायला ती कामाला होती त्या इस्पितळाच्या धुलाईघरात गेल्या. नवऱ्याने अडवलं असणार असं धरून त्या कायद्याची कलमंही घोकून गेल्या होत्या.

नवरा काही म्हणत नाही, धाकटीने चादरीची घडी घालत सांगितलं. मग खाली बघूनच म्हणाली, "थोरला दीर समोरच्या गच्चीवर उभा राहतो. दारातून माझ्याकडे बघत. तुम्ही दाराला पाठ करून बसता, तुम्हाला कसं दिसणार?"

नुसता बघतो का, असं ताईंनी विचारलं. धाकटीने घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

"आधी का नाही सांगितलंस गं?"

"तुमच्या विटेला कोण हात लावणार, ताई?"

दिराचं काय करायचं ते तू ठरव, मी सोबत येईन, असं सांगून ताई निघाल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटी आली. ताईंनी पायाने वीट बाजूला सारली आणि दार लोटलं. वर्गात सगळ्यांशी वाद घालणारी, म्हणून वकीलबाई म्हटली जाणारी भाजीवाली म्हणाली, चला, एकदाचे पाय तरी गरम होतील. ताई हसल्या, पण फळ्यावर लिहिताना खडू मोडला.

धाकटी कडीकडे गेली नाही. सतरंजीवरून उठून ती दाराला पाठ टेकून बसली. "कडी नको. मी बसते इथे. तुम्ही म्हणाल तेव्हा उघडते."

अर्धं गणित झाल्यावर ताईंनी खडू खाली ठेवला. "उघड."

धाकटीने उठून दार उघडलं आणि स्वतः चौकटीत उभी राहिली, गच्चीकडे तोंड करून. ताईंनी दोन-तीन श्वास घेतले.

"हं. लाव आता," त्या म्हणाल्या आणि उरलेला खडू उचलला.