इसोल्डाबाईंचे खारट अश्रू

गुरुवार, बाजाराचा दिवस. थ्रॅक्सफर्डच्या सेंट ऑस्वल्ड चर्चमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पावसात भिजलेले कोट वाफाळत होते, मागच्या टेबलावर चहाचं भांडं खदखदत होतं आणि सहाशे वर्षं थडग्यावर आडव्या पडलेल्या दगडी इसोल्डाबाई चक्क रडत होत्या!

"चाखून बघा!" ल्यूशियन क्रॅबट्री गरजला. जांभळ्या मफलरातला हा महापुरुष परवापरवापर्यंत गालिचे विकायचा. "दगड कधी खारट असतो? बाई गुरुवारी गेल्या, म्हणून गुरुवारीच रडतात! या आसवांनी डोळे बरे होतात, कापसाच्या बोळ्याला फक्त पाच पौंड!"

हेस्टर पिलिंग सर्वांत पुढे होती. काचबिंदूच्या डोळ्यांत ती ते पाणी कापसाने पिळत होती. डॉक्टरांचे थेंब तिने महिन्यापूर्वीच बंद केले होते.

"ताई, डोळे लालभडक झालेत गं," धाकटा भाऊ अँब्रोज पुटपुटला.

"झोंबतंय म्हणजे गुण येतोय. तू आपली पुस्तकं चाळ."

अँब्रोज निवृत्त ग्रंथपाल. गावच्या चर्चचा इतिहास त्याने लिहिला होता, वाचला कोणीच नव्हता. चारचौघांत बोलायचं म्हटलं की तो मागच्या बाकावर सरकायचा. पण पुढच्या मंगळवारी हेस्टरने चहा कपाशेजारी टेबलावर ओतला, आणि तो उठला.

थडग्यावरच्या तारखेवरून त्याने वार काढला. बाई सोमवारी वारल्या होत्या. गावच्या दप्तरात त्यांचं नाव एकदाच होतं, तेही कमी वजनाची लोकर विकल्याबद्दल! बुधवारी रिकाम्या, थंड चर्चमध्ये त्याने बाईंच्या डोळ्याला बोट लावून चाखलं. पांढरी खपली होती. मीठ!

गुरुवारी खाटीक डॉड ओरडला, "अहो, बाईंच्या पायाशी बसलेलं दगडी कुत्रंही रडतंय!"

"मुक्या जीवालाही साक्षात्कार झाला!" क्रॅबट्रीने हात उंचावले.

"न-नाही," अँब्रोज गर्दीतून पुढे आला. "कुत्र्याच्या डोळ्यांत काल मी मीठ चोळलं. बाईंच्या डोळ्यांत तुम्ही चोळता. ओले कोट, चहाची वाफ, एवढ्यांचे श्वास... मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि पाझरतं. आता दोघांचे डोळे धुऊ. चहा उकळू दे."

डोळे धुतले. तासभर सगळे टक लावून बसले. टिपूस नाही.

"तुमच्या अविश्वासाने बाई रुसल्या!" क्रॅबट्री ओरडला.

"आणि कुत्रं?" डॉडने विचारलं. चर्च हसण्याने दणाणलं. महापुरुष बाजूच्या दाराने सटकले.

हेस्टर मात्र हसली नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकेल.

"मी इतकी कशी रे मूर्ख?"

"तू आंधळं व्हायला घाबरली होतीस, ताई. त्या भीतीवरच त्याने दुकान थाटलं."

असे क्रॅबट्री गावोगाव आहेत. ते चाखायला सांगतील, तेव्हा जरूर चाखा. पण चव कुठून आली, हे विचारल्याशिवाय औषधाची बाटली खाली ठेवू नका.