वर तेवढा फोन करा

बाबांना आता कुणीच ओळखू येत नाही. मला ते मॅडम म्हणतात, माझ्या भावाला, चेतनला, साहेब. आणि आईला बाई. जिला वासंती म्हणून हाका मारत उभा जन्म काढला तिला "अहो बाई, जरा पाणी देता का?" असं विचारताना ऐकलं की माझं डोकंच फिरतं. आई मात्र मुकाट्यानं पाणी आणून देते.

घाटातली बंद पडलेली रेल्वेलाईन उखडून तिथं फिरायची वाट केली आहे, असं आईनं ऐकलं आणि हट्टच धरला. "त्यांना तिथं नेऊ. तिथं मला ओळखतील."

बाबा त्याच लाईनीवर ड्रायव्हर होते. लग्नानंतर दोघांनी वरच्या स्टेशनाच्या क्वार्टरात संसार मांडला. घाट उतरणं जोखमीचं काम. गाडी खाली सुखरूप पोचली की खालचे मास्तर वर फोन करायचे, मग पोर्टर क्वार्टरच्या दारात येऊन सांगायचा, "वहिनी, गाडी पोचली." तोवर आई जेवायची नाही.

"आणि तिथंही नाही ओळखलं तर?" मी विचारलं.

"तर फिरून येऊ, अजून काय?" ती म्हणाली. पण निघायच्या दिवशी तिनं ठेवणीतली हिरवी साडी नेसली, ते बघून मला तिचा राग आला आणि रडूही आलं. तारनाक्याच्या घरून पहाटे निघालो. वाटेत इडली खायला थांबलो, तर तिनं घासही घेतला नाही. बरोबर आणलेला डबा तसाच मांडीवर.

वरच्या स्टेशनात आता चहा-बिस्किटं मिळतात. रुळांच्या जागी लाल मुरूम, कडेला बाकं, सायकलवाली पोरं. बाबा वाटेच्या तोंडाशी आले आणि थांबले ते थांबलेच.

"टोकन कुठंय?"

"बाबा, गाड्याच बंद झाल्या हो. कायकू परेशान होताय?" चेतन म्हणाला.

"टोकन बिगर गाडी घालू का, साहेब? समोरून दुसरी आली तर? किती जीव जातील!" बाबा एक पाऊल मागं सरले.

त्यांचं चूक नव्हतं. एकेरी लाईनीवर ज्या ड्रायव्हरच्या हाती मास्तर कड्यात अडकवलेलं टोकन देईल त्यानंच पुढं जायचं, आणि पलीकडच्या मास्तरच्या हातात ते देईपर्यंत दुसरी गाडी सोडायची नाही. सगळं विसरलेल्या माणसाला एवढं मात्र पक्कं आठवत होतं.

आईनं हातातली सोन्याची पाटली काढली. ती कधी काढत नसे. आता मनगट इतकं वाळलंय की पाटली अलगद निघाली.

"घ्या. लाईन क्लिअर आहे."

बाबांनी ती निरखून पाहिली, खिशात घालून वर गुंडी लावली. आईकडं बघून म्हणाले, "बरं, मास्तर."

आईचा चेहरा उतरला. मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

तिचे गुडघे गेलेले, म्हणून चेतन तिला कारनं खाली घेऊन गेला. मी बाबांबरोबर चालले. ते प्रत्येक वळणाआधी चाल हळू करायचे आणि खिसा चाचपायचे. बोगद्यात फोटो काढणाऱ्या पोरांना त्यांनी हातानंच बाजूला केलं, आणि ती भिंतीकडं सरकली.

खाली आई बाकावर बसली होती, डबा तसाच मांडीवर. चेतननं पाटलीसाठी हात पुढं केला. बाबा त्याला ओलांडून थेट आईसमोर गेले, गुंडी काढली आणि पाटली तिच्या तळहातावर ठेवली.

"गाडी पोचली, मास्तर."

आई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. अजूनही वाट बघत होती. मला वाटलं, आपण हिला इथं आणायलाच नको होतं.

बाबा वळले, दोन पावलं गेले आणि परत आले.

"मास्तर, वर तेवढा फोन करा. लगेच करा, हां. आमची वासंती जेवायची थांबली असंल."

आईनं पाटली हातात चढवली. डोळे पुसले नाहीत.

"हौ, कळवते," ती म्हणाली, आणि डबा उघडून जेवायला लागली.