वैशूच्या भारोभार गूळ

मित्रांनो, जरा वर बघा. वाशाला साखळी, साखळीला गंजलेली दांडी आणि दांडीच्या दोन टोकांना टांगलेल्या दोन लाकडी फळ्या. तो जुना तराजू म्हणजे मी. एका फळीवर हल्ली कोंबड्या बसतात. बसू देत बापड्या!

माझी दांडी लासलगावच्या एका लोहारानं ठोकली. लिलाव संपला की कांद्याची पोती माझ्याकडे यायची. शेतकरी आणि व्यापारी दोघंही डोळ्यांत तेल घालून माझा काटा बघायचे. मी कधी कुणाची बाजू घेतली नाही, ह्याचा मला फार तोरा होता. पुढे अख्खा ट्रॅक्टर तोलणारे भुईकाटे आले, मग मला कोण विचारतो? वणीच्या सहादूनं मला उचलून आपल्या गुळाच्या दुकानात टांगलं.

वणी म्हणजे सप्तशृंगीच्या गडाची वाट. लोक नवस फेडायला यायचे. एका फळीवर लेकरू बसवायचं, दुसरीवर त्याच्या भारोभार गूळ ठेवायचा आणि तो गूळ गडावर नेऊन वाटायचा. कांद्यानंतर लेकरं! मी तर हरखून गेलो.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. सातपूरच्या कारखान्यात काम करणारा धनराज आणि त्याची बायको मोहिनी, तान्ह्या वैशूला घेऊन आले. त्यांचा पहिला मुलगा रोडावत रोडावत गेला होता. म्हणून मोहिनीनं देवीला साकडं घातलं होतं, "ही जगू दे, अंगानं भरू दे. दर चैत्रात हिच्या भारोभार गूळ वाहीन."

वैशू फळीवर बसून खिदळत होती आणि मोहिनीच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं.

"रडू नका ताई," सहादू म्हणाला. "पुढल्या साली बघा, अख्खी ढेप लागंल!"

तेव्हापासून दर चैत्रात ते येऊ लागले. दुकानात गर्दी असायची. थांबलेली माणसं बोलायचीच, त्यातून मला त्यांचं घर कळत गेलं. एकच खोली. धनराजला रातपाळी असली की तो दिवसा झोपायचा. मग वैशूनं उड्या मारायच्या नाहीत, खेळायचं नाही, मैत्रिणी आणायच्या नाहीत. आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर ती बसायची आणि गप्प बसावी म्हणून मोहिनी तिच्या मांडीवर शेव-कुरमुऱ्यांची ताटली ठेवायची. पाळी सुटली की धनराज गरम कचोरी घेऊन यायचा. लेक जागी असताना भेटायची तेवढाच वेळ, तर त्यात हात रिकामा कसा ठेवायचा? शिवाय जेवताना मोहिनीचा एक घास चिऊचा आणि एक घास काऊचा कधी संपायचाच नाही. त्या घरात वाईट कुणीच नव्हतं हो. ह्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

दर साली गूळ वाढत गेला. सहादू मांडीवर थाप मारून ओरडायचा, "ताई, देवी पावली!" मोहिनीचा चेहरा उजळायचा आणि ती लेकीची दृष्ट काढायची. एसटी स्टँडवरून दुकानापर्यंत येताना वैशूला धाप लागते, हे कुणी बघितलंच नाही.

एकदा ती सहादूच्या बायकोला, चिमणाबाईला, हळूच म्हणाली, "आजी, शाळेत मला खो-खोत घेत नाहीत."

"अगं बये, खात्यापित्या घरची हायेस. रडतीस कशाला?" चिमणाबाई म्हणाली. त्यानंतर वैशूनं ते कुणाला सांगितलं नाही.

मग ती थोडी मोठी झाली. त्या चैत्रात दुकान माणसांनी भरलं होतं. सहादू ढेपांवर ढेपा ठेवत होता आणि गर्दीतला एक पोरगा ओरडला, "बाबा, साखळी तपासा हो, तुटंल!" सगळे हसले. लाजेकाजेस्तव धनराजही हसला. वैशूनं माझी साखळी घट्ट धरली होती. 

पुढच्या चैत्रात नवलच घडलं. वैशू फळीवर बसली आणि सहादूला ठेवलेल्या गुळातून उलट थोडा काढावा लागला. मोहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, पोर उतरली! थोरला असाच उतरत गेला होता! देवी कोपली हो!" तिनं हंबरडाच फोडला. आणि वैशू हसत होती! कितीतरी वर्षांनी मी तिला हसताना बघत होतो. पण दुसऱ्याच क्षणी तिची मान लुळी पडली आणि ती फळीवरून खाली कोसळली.

तोंडावर पाणी मारल्यावर तिनं डोळे उघडले. पहिलं काय विचारलं असेल?

"आई, आज कुणी हसलं नाही ना गं?"

कितीतरी दिवस तिनं डबा गाईला घातला होता. घरी घास रुमालात लपवले होते. चैत्र जवळ येत होता ना!

संध्याकाळी धनराज दुकानात राहिलेली पिशवी न्यायला दवाखान्यातून एकटाच परत आला. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तात साखर वाढलीय आणि पोटात अन्न नाही," तो सहादूला सांगत होता. "म्हणाल्या, पोरीला एकटीला पथ्यावर बसवू नका. जे तिच्या ताटात, तेच तुमच्या ताटात. तिला पळू द्या, झोपू द्या आणि तिच्या अंगावरून कुणी चकार शब्द काढायचा नाही. बाबा, मी पण हसलो होतो हो!" बाप्या माणूस ओक्साबोक्शी रडला. माझा काटा थरथरला म्हणा, वारं होतं म्हणा.

पुढच्या चैत्रात तिघं आले. रातपाळी असली की धनराज आता दिवसा मित्राच्या खोलीवर झोपायचा, म्हणजे घरी लेकीला धुडगूस घालता येई. तिघं एकत्र भाजी-भाकरी खात आणि संध्याकाळी पायी फिरायला जात. वैशूची धापही जरा कमी झाली होती. पण ती दुकानात आली नाही. बाहेर लिंबाखाली पाठ करून उभी राहिली.

मोहिनीनं चपला काढल्या आणि ती स्वतःच फळीवर बसली.

"ताई, नवस तर पोरीचा ना?" सहादू चक्रावला.

"नवस मी बोलले होते, तिनं नाही. मलाच तोला."

लोक फिदीफिदी हसले. मोहिनीनं त्यांना हसू दिलं. तुला झाल्यावर ती लिंबाखाली गेली आणि गुळाचा एक खडा लेकीपुढे धरला. वैशूनं तिच्याकडे बघितलं, मग गर्दीकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

"नको आई. सगळे बघतायत."

घरात तिघं एकत्र जेवायची, पण चारचौघांत वैशूला घास तोंडात घालता येत नव्हता.  मोहिनीनं खडा पदरात बांधला आणि लेकीचा हात धरून गडाच्या वाटेला लागली. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. पुढे सहादूकडे आकडे दाखवणारा विजेचा काटा आला आणि माझ्या वाट्याला कोंबड्या आल्या.

मित्रांनो, मी पोतं तोलावं, गूळ तोलावा. लेकरू कसं आहे, हे मला विचारू नका. त्यालाच विचारा. आणि कुठे भेटलीच वैशू, तर आपलं ताट घेऊन तिच्या शेजारी बसा. खूप गप्पा मारा. तिच्या ताटात मात्र बघू नका.